सात स्त्रिया, दोन मोजपट्ट्या आणि ऐरोलीतील एक रिपोर्ट : किशोरवयातील पीसीओएसच्या निदानाचा इतिहास

१.
ऐरोलीतील एखाद्या सेक्टरमधला दवाखाना. दहावीत शिकणारी मुलगी आईसोबत बाकावर बसली आहे. दोन महिने पाळी आली नाही, म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द उमटला. आईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मुलीच्या आजच्या प्रकृतीचा नसतो. ‘हिला पुढे मूल होईल ना?’ हा असतो. हे दृश्य प्रातिनिधिक आहे, पण महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला ते अपरिचित नाही. त्या एका शब्दामागे तीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

२.
हा इतिहास समजून घेण्याचे कारण साधे आहे. पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हे निदान रक्ताच्या एखाद्या थेंबाने किंवा एखाद्या छायाचित्राने सिद्ध होत नाही. काही लक्षणे एकत्र आली की त्या समूहाला हे नाव दिले जाते. कोणती लक्षणे मोजायची आणि किती, हे प्रत्येक काळाने आपल्या हातातील साधनांप्रमाणे ठरवले. त्यामुळे तीच मुलगी एका मोजपट्टीने रुग्ण ठरते आणि दुसरीने ठरत नाही.

३.
प्रारंभ भारतीय ग्रंथांपासून करण्याचा मोह अनेकांना होतो. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात ‘पुष्पघ्नी’ नावाच्या जातहारिणीचे वर्णन आहे : गाल स्थूल व केसाळ, आणि ऋतुस्राव निष्फळ. साम्य लक्षवेधी आहे. परंतु त्या वर्णनातील स्त्रीचा ऋतुस्राव वेळेवर येतो; पीसीओएसमध्ये पाळीची अनियमितता हेच प्रमुख लक्षण असते. शिवाय जातहारिणी ही संततीचा घात करणारी शक्ती मानली जाई. तेव्हा ‘आपल्याला हे सर्व आधीच ठाऊक होते’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. केसाळ गाल आणि अपत्यहीनता यांचा संबंध कोणाच्या तरी नजरेस आला होता, एवढेच म्हणता येते.

४.
युरोपात १७२१ मध्ये इटालियन वैद्यक अंतोनियो वालिस्नेरी यांनी एका विवाहित, अपत्यहीन शेतकरी स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले. ती कबुतराच्या अंड्याएवढी मोठी, पांढरट, चकचकीत आणि उंचसखल होती. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अंडाशय प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावाचून असे काही कळण्याची सोय नव्हती. आणि ज्या स्त्रीकडे पाहिले गेले ती मूल न झालेली पत्नी होती.

५.
पुढचा मोठा टप्पा शिकागोचा. १९३५ मध्ये अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी बंद झालेली वा अत्यंत विरळ, अंगावर केसांची वाढ, अंडाशये फुगलेली व बारीक पुटकुळ्यांनी भरलेली. पोटात हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याचे तंत्र स्टाइन वापरीत असत, त्यात अंडाशयांचा आकार दिसे. दोघांनी प्रत्येक अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परतली. दोघींना गर्भधारणा झाली. विकाराला ‘स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम’ हे नाव मिळाले.

६.
शस्त्रक्रियेने पाळी आली, तेव्हा दोष अंडाशयातच आहे असे वाटणे स्वाभाविक होते. जाड आवरणामुळे स्त्रीबीज बाहेर पडू शकत नाही, अशी उपपत्ती पुढे आली. नावातही ‘सिस्ट’ आला, तो कायमचा चिकटला. वास्तविक त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला काही पुटिका वाढू लागतात, त्यांतील एक परिपक्व होऊन फुटते आणि स्त्रीबीज सुटते. येथे ती वाढ अर्ध्यावर थांबते आणि थांबलेल्या पुटिका कडेला साचतात. ‘अंडाशयात गाठी झाल्या’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य १९३५ च्या त्या नजरेचा वारसा आहे.

७.
त्याच काळात महाराष्ट्रातील मुलीची पाळी कोणत्या चौकटीत पाहिली जात होती? एकोणिसाव्या शतकातील अनेक घरांत विवाह ऋतुप्राप्तीच्या आधीच होई. न्हाण आले की मुलीला मखरात बसवून सोहळा केला जाई. पाळी सुरू झाल्याची वार्ता आप्तेष्टांत पसरे, आणि लगोलग तिच्याकडून संततीची अपेक्षा सुरू होई. पहिली पाळी आणि मातृत्व यांच्यामध्ये ‘किशोरवय’ नावाचा अवकाशच नव्हता. शरीर अजून स्थिरावत असतानाच त्याची परीक्षा सुरू होई.

८.
तो अवकाश कायद्याने आणि शिक्षणाने हळूहळू निर्माण झाला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून मुंबईतून बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवली. रखमाबाईंच्या खटल्याने हाच प्रश्न न्यायालयात नेला. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ झाली. सरकारी हस्तक्षेप म्हणून टिळकांनी तिला विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय १४ ठरवले, १९७८ मध्ये ते १८ झाले. अशा रीतीने पहिली पाळी आणि विवाह यांच्यात काही वर्षांचे अंतर पडले. ‘पंधरा वर्षांच्या अविवाहित मुलीची पाळी अनियमित आहे’ ही तक्रार वैद्यापुढे येण्यासाठी आधी ते अंतर पडावे लागले.

९.
अपत्यहीनतेच्या भीतीलाही कायद्याचा इतिहास आहे. मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत हिंदू पुरुषाला दुसरी पत्नी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि मूल नसणे हे त्याचे समाजमान्य कारण होते. १९४६ च्या मुंबई द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने ते थांबवले; १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. घटनात्मक कायद्याचे विद्यार्थी या खटल्याचा अभ्यास अन्य कारणासाठी करतात. पण दवाखान्यातील आईच्या पहिल्या प्रश्नाची मुळे कोठे आहेत, हेही त्यातून दिसते. सवत कायद्याने गेली. धास्ती घरात राहिली.

१०.
वैद्यकात दरम्यान नजर पोटातून रक्ताकडे वळली. १९५८ मध्ये या विकारातील काही स्त्रियांत एलएच या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. १९६० नंतर रोझालिन यालो व सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअॅसे तंत्राने रक्तातील अत्यल्प संप्रेरकही मोजता येऊ लागले. १९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे यांनी शरीराच्या ठरावीक भागांवरील केसांना गुण देण्याची पद्धत मांडली. सुधारित रूपात ती आजही वापरात आहे. १९८० मध्ये बर्गेन व सहकाऱ्यांनी पुरुषी संप्रेरके आणि रक्तातील वाढलेले इन्शुलिन यांचा संबंध दाखवला. विकार केवळ अंडाशयाचा नसून संपूर्ण चयापचयाचा आहे, हे यानंतर स्पष्ट होत गेले.

११.
मग सोनोग्राफी आली. महाराष्ट्रात हे यंत्र आधी दुसऱ्याच कारणाने कुप्रसिद्ध झाले : गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. अंडाशयांच्या बाबतीत यंत्राने निराळा पेच निर्माण केला. १९८६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पुटिका मोजून ‘पॉलिसिस्टिक’ अंडाशय ओळखण्याचा निकष दिला. पण १९८८ मध्ये त्याच परिवारातील संशोधकांनी निरोगी समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी २२ टक्के स्त्रियांची अंडाशये तशीच दिसली. चित्र आणि विकार या दोन गोष्टी एक नाहीत, हे तेव्हाच कळून चुकले होते.

१२.
तरीही व्याख्या हवी होती. १९९० मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत तज्ज्ञांची मते प्रश्नावलीद्वारे घेतली गेली. त्यातून दोन अटी निघाल्या : स्त्रीबीज नियमित न सुटणे आणि पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक. सोनोग्राफीला स्थान नव्हते. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ती आत आली. अनियमित पाळी, संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतील चित्र, या तिन्हींपैकी कोणतीही दोन पुरेशी ठरली. २००६ मध्ये अँड्रोजेन एक्सेस सोसायटीने बजावले की पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक नसेल तर हे निदान करू नये. म्हणजे जगात एकाच वेळी तीन मोजपट्ट्या वापरात आल्या.

१३.
या तिन्ही मोजपट्ट्या प्रौढ स्त्रियांसाठी होत्या. किशोरींना त्या लावल्या तर काय होते? पहिल्या पाळीनंतर मेंदूतील हायपोथॅलॅमस, पियुषिका आणि अंडाशय यांचा ताल जुळायला काही वर्षे लागतात. तोवर पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक असते. मुरुमे या वयात सर्रास येतात. वाढत्या अंडाशयात पुटिकाही अधिक असतात. पीसीओएसची लक्षणे आणि वयात येण्याच्या खुणा अशा एकमेकींवर पडतात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच होते आणि तिच्यात पुटिका नेमक्या मोजता येत नाहीत, ही आणखी एक अडचण.

१४.
या प्रश्नाचे मराठी मुलखातील सर्वांत बोलके उत्तर ठाण्याच्या खाडीपलीकडून, परळहून आले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचे मूळ १९५४ मधील एका छोट्या गर्भनिरोधक चाचणी केंद्रात आहे; १९७० मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात झालेल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्मात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत याच संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. येथील डॉ. बीना जोशी व सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवर विसंबून न राहता मुंबईच्या वस्तीतील १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१५.
निष्कर्ष असा : रॉटरडॅमच्या मोजपट्टीने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस होता. अँड्रोजेन एक्सेस सोसायटीच्या मोजपट्टीने १०.७ टक्के. मुली त्याच, तपासण्या त्याच, शहर तेच. व्याख्या बदलली आणि रुग्णसंख्या निम्म्याहून कमी झाली. ही तफावत कोठून आली, हेही अभ्यासातच दिसते. निदान झालेल्यांपैकी ५२.६ टक्के मुली ‘सौम्य’ प्रकारच्या होत्या : पाळी विरळ आणि सोनोग्राफीत पुटिका, परंतु पुरुषी संप्रेरकांच्या अतिरेकाची खूण नाही. हा गट वगळला की २२.५ चे १०.७ होतात.

१६.
म्हणजे अर्ध्याहून अधिक मुलींचे निदान ज्या दोन खुणांवर उभे होते, त्या दोन्ही वयात येताना निसर्गतःही आढळतात. यावरून त्या सर्व निरोगी होत्या असे म्हणता येणार नाही. अभ्यासात चोविशीपर्यंतच्या तरुणीही होत्या. परंतु पंधराव्या वर्षी अशी चिठ्ठी हाती पडली, तर ती विकाराची की वयाची, हे त्या घटकेला सांगणे अवघड असते, एवढे निश्चित. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात, १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांत, तीन मोजपट्ट्यांनी ७.२, १९.६ आणि १३.६ टक्के अशी तीन उत्तरे आली. त्यात शाळकरी मुली नव्हत्या.

१७.
मुंबईच्या अभ्यासातील आणखी एक आकडा ऐरोलीच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. ऐरोली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, १९९९ मध्ये मुलुंड-ऐरोली पूल झाला, नंतर लोकल आली आणि आयटी कंपन्यांच्या इमारती उठल्या. एका पिढीत श्रमाची जागा खुर्चीने घेतली. त्यामुळे ‘बैठी जीवनशैली आणि लठ्ठपणा, म्हणूनच पीसीओएस’ असे समीकरण सहज मांडले जाते.

१८.
परंतु त्या अभ्यासात निदान झालेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. याचा विचार करताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भके वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते, असे त्यांनी दाखवले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही इन्शुलिनचे कार्य बिघडलेले असू शकते. तो अभ्यास पीसीओएसचा नव्हता. पण केवळ डोळ्यांनी पाहून ‘ही बारीक आहे, हिला काय होणार’ असे म्हणण्याची चूक तो दाखवून देतो. वजन कमी करणे ज्यांना आवश्यक त्यांना ते हिताचे असते. परंतु वजनावरून मुलीला दोष देण्याला या आकड्यांत आधार नाही.

१९.
किशोरींसाठी स्वतंत्र मोजपट्टी हवी, ही जाणीव गेल्या दोन दशकांत पक्की झाली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका तयार झाली. २०२३ मध्ये ती सुधारली गेली. किशोरवयात दोन्ही गोष्टी हव्यात, असे ती सांगते : पाळीची खरी अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे उलटेपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. प्रौढांत सोनोग्राफीला पर्याय म्हणून मान्य झालेली एएमएच ही रक्तचाचणीही या वयात निदानासाठी ग्राह्य नाही.

२०.
‘खरी अनियमितता’ म्हणजे काय, हेही तिथे वर्षांनुसार ठरवले आहे. पहिल्या पाळीनंतरच्या पहिल्या वर्षात मागेपुढे होणे हे नैसर्गिक संक्रमण. एक ते तीन वर्षांच्या काळात दोन पाळ्यांतील अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून अधिक असेल तर ते अनियमित. तीन वर्षांनंतर २१ हून कमी, ३५ हून अधिक, किंवा वर्षाला आठांहून कमी पाळ्या. पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवसांहून अधिक खंड पडला, तर तपासणी आवश्यक. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत, किंवा स्तनवाढ सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही, पाळी आलीच नाही तर तेही तपासावे.

२१.
निदानापूर्वी अन्य कारणे वगळावी लागतात : थायरॉइडचे विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन, जन्मजात अधिवृक्क ग्रंथीचा विकार, क्वचित एखादी अर्बुदगाठ. केवळ मुरुमे पुरेशी नाहीत. तीव्र मुरुमे, जाड-काळ्या केसांची पुरुषी ढंगाची वाढ, किंवा रक्तात वाढलेले टेस्टोस्टेरॉन यांना महत्त्व आहे. दोनपैकी एकच अट पूर्ण होत असेल, तर मुलीची नोंद ‘वाढीव जोखीम’ अशी करावी, त्रासावर उपचार करावेत आणि काही वर्षांनी पुन्हा पाहावे. नाव देण्याची घाई नको. परंतु मुलीकडे पाठही फिरवू नये.

२२.
या सावधगिरीच्या दोन्ही बाजूंना माणसे आहेत. घाईने शिक्का बसला, तर पंधराव्या वर्षीच मुलीला आपण अपूर्ण आहोत असे वाटू लागते. घरात लग्नाची कुजबुज सुरू होते. ‘वयात येताना होतेच’ म्हणून दुर्लक्ष केले, तर जिला खरोखर विकार आहे तिचा मधुमेहाचा वाढता धोका, नैराश्य, अंगावरील केसांमुळे शाळेत सोसावी लागणारी चेष्टा, हे सारे नजरेआड राहते. वंध्यत्वाविषयीही इतिहास निराळे सांगतो : १९३५ च्या त्या सातांपैकी दोघींनाही मूल राहिले होते. १९६० च्या दशकात क्लोमिफेन आले आणि शस्त्रक्रिया मागे पडली. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना आज मूल होऊ शकते.

२३.
२०१४ हे वर्ष आणखी एका कारणाने उल्लेखनीय आहे. त्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयोगट हा आरोग्यसेवेचा स्वतंत्र विषय आहे, हे त्याने मान्य केले. महाराष्ट्रात त्याअंतर्गत चालणाऱ्या किशोरवयीन आरोग्य केंद्रांना ‘मैत्री’ हे नाव आहे. मखरातील मुलीला तिच्या पाळीविषयी कोणी काही विचारले नव्हते. येथे निदान प्रश्न तिला विचारला जातो.

२४.
आता पुन्हा ऐरोलीतील त्या बाकाकडे. मुलीच्या हातातील रिपोर्टवर पुटिकांची संख्या आहे. पहिली पाळी कोणत्या वर्षी आली, हे त्यावर लिहिलेले नाही. आजच्या मोजपट्टीनुसार निदानाचा आरंभ त्याच प्रश्नाने व्हायला हवा, आणि त्याचे उत्तर तिच्यापाशी आहे. समजा ती म्हणाली, ‘दोन वर्षांपूर्वी’, तर सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांनी तिला तारखा टिपायला सांगणे हे शास्त्राला धरून होईल. साठ दिवसांचा खंड मात्र पंचेचाळिसाहून अधिक आहे. म्हणून तिच्या केसांची, मुरुमांची, रक्तातील संप्रेरकांची चौकशीही होईल. कदाचित निदान होईल, कदाचित पुढे ढकलले जाईल. घरी गेल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती पहिली खूण करील. वालिस्नेरींच्या शेतकरी स्त्रीला आपल्या विकाराच्या इतिहासात एक शब्दही लिहिता आला नव्हता.